गरम डब्याचं अंतर

आमच्या घरात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, डब्यात मोजतात. आईचा नियम सरळ आहे. मुलगी अशाच घरी द्यायची, जिथं आईच्या शेगडीवरून निघालेला डबा गरम पोचतो. कोमट नाही, गरम. थोरल्या बहिणीला मागच्या गल्लीत दिलं आहे. तिथं डबा इतका गरम पोचतो, की लग्नाला सहा वर्षं झाली तरी आमचे भाऊजी पहिल्याच घासाला जीभ भाजून घेतात आणि मग बराच वेळ तोंड उघडं ठेवून बसतात. आईच्या मते याहून सुखाचा संसार असूच शकत नाही.

मी मात्र उडी लांबची मारली. मी आमच्या गावच्या छोट्या विमानतळावर सूचना देते. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' म्हणणारा जो आवाज कुणीही ऐकत नाही, तो माझा. आमच्याकडून सकाळी एक लहानसं विमान उडतं, डोंगरापलीकडच्या तसल्याच लहानशा विमानतळावर उतरतं आणि संध्याकाळी परत येतं. विमान उडालं की मी पलीकडे फोन करायचा आणि म्हणायचं, "सोडलं." तिकडे पोचलं की तिकडच्या माणसानं फोन करायचा आणि म्हणायचं, "उतरलं." कित्येक महिने आम्ही एकमेकांशी या दोन शब्दांपलीकडे काही बोललो नाही. मग एक दिवस तो म्हणाला, "उतरलं. तुमचा घसा बसलाय का आज?" सकाळपासून त्याच बसलेल्या घशानं मी सूचना देत होते आणि माझ्यापासून चार पावलांवर बसलेल्यांना पत्ता नव्हता. तिथून पुढं माझं काही खरं राहिलं नाही.

मी त्याला पलीकडचा म्हणते. आई त्याला 'तो टेलिफोनवाला' म्हणायची, आणि म्हणताना नाक असं मुरडायची, जणू टेलिफोनला वास येतो.

"किती लांब आहे?" मी विषय काढला तेव्हा तिनं विचारलं. ती ओट्याशी बटाटे चिरत होती.

"बावीस मिनिटं."

बाबांनी वर्तमानपत्राआडून घसा खाकरला. बाबा त्याच विमानतळावर इंधनाचा टँकर चालवतात, त्यामुळे गप्प बसणं त्यांना जमत नाही. "हवेत बावीस," ते म्हणाले. "वेळापत्रकात पंचावन्न छापलंय."

आईची सुरी थांबली. "बावीस, का पंचावन्न?"

"कंपनी थोडं वाढवून लिहिते गं," मी म्हणाले. "म्हणजे मग विमानाला कधी उशीर होत नाही."

"पोचायला बावीस लागतात आणि लोकांना पंचावन्न सांगता. शाब्बास. मुलगी या धंद्यात, नवरा या धंद्यात, आता जावईही याच धंद्यातला. आणि रस्त्यानं किती?"

रस्त्याचं नाव निघाल्यावर बाबांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं. रस्ता आधी डोंगराला वळसा घालतो, मग तळ्याला, आणि मग कुणाच्या तरी हट्टापायी उगाचच आणखी एका गावाला. सकाळी बसनं निघालेला माणूस दिवेलागणीला पोचतो, तेही बसची मर्जी असेल तर.

"शिवाय घरातून विमानतळ," आई सुरीनं एकेक बटाटा बाजूला सारत म्हणाली, "तिथं आधी जाऊन ताटकळणं, तिकडे सामानाची वाट बघणं, मग त्याचं घर. हे तुझ्या कुठल्या बावीस मिनिटांत बसवलंस?"

तिचं चुकत नव्हतं, हाच तर त्रास होता. आणि या नियमामागं काय आहे तेही मला ठाऊक होतं. आईची मोठी बहीण लांब दिलेली. ती बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळली तेव्हा आजीनं तिच्यासाठी डबा पाठवला. तो दोन दिवसांनी पोचला, आंबून. मावशीनं आजीला फोनवर सांगितलं, "आई, अगदी गरम पोचला गं." आजीनं फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून निजली. आई तेव्हा लहान होती, पण आजीची ती पाठ तिला अजून दिसते, असं ती म्हणते. त्यामुळे या नियमाची मी टिंगल करायचे, पण बेतानं.

"डबा गरम पोचला तर हो म्हणेन," आई शेवटी म्हणाली. "मी स्वतः घेऊन जाणार. तू यायचं नाहीस."

ती नाही म्हणाली असती तरी मी लग्न करू शकले असते. कायद्यानं सज्ञान आहे, पगार स्वतःचा आहे. हिंमत होती, पण इच्छा नव्हती. मागल्या दारी भिंतीकडे तोंड करून बसलेली आई सोडून मला कुठंही पोचायचं नव्हतं. तिच्या तोंडून हो ऐकायचं होतं, बस्स. आणि त्यासाठी थोडी लबाडी करायची माझी तयारी होती. थोडी म्हणजे बरीच.

बेत असा ठरला. आमच्या तपासणीवरच्या बाई आईला सांगणार, की रश्श्याचा डबा विमानात मांडीवर घेता येत नाही, सामानातच टाकावा लागतो. हे खोटंही नव्हतं. पलीकडे विमान उतरलं की सामान उतरवणारा गडी, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, तो डबा आधी काढणार आणि मागच्या दारानं कँटीनमध्ये देणार. कँटीनवाल्या काकू तो गरम करणार आणि मग सामानाच्या पट्ट्यावर सोडणार. आईला काय कळणार? प्रवासी म्हणून तिनं विमानतळ कधी पाहिलाच नव्हता. बाबा तिच्यासोबत जाणार आणि लक्ष ठेवणार. बाबांनी एका पायावर होकार दिला. फक्त त्यांना एक खोड आहे. मनात काही काळंबेरं असलं की ते शीळ घालतात. तीस वर्षांचा संसार झालेल्या बाईला ही खोड ठाऊक असेल, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. चार दिवस बाबा घरभर शीळ घालत हिंडत होते.

ठरल्या दिवशी पहाटेपासून घरात बटाट्याच्या रश्श्याचा घमघमाट सुटला. मी कामावर निघाले तेव्हा आई तीन ताळी स्टीलचा डबा जाड टॉवेलात गुंडाळून वर कापड चढवत होती, आणि ते कापड दाभणानं शिवत होती. चक्क शिवत होती. "वाटेत कुणी उघडायला नको," ती दाभण तोंडात धरून म्हणाली. मी चपला घालता घालता थांबले. पण मग म्हटलं, शिवू दे. गरमच तर करायचा आहे, उघडायचा थोडाच आहे.

विमानतळावर तपासणीच्या बाईंनी आपलं वाक्य पाठ केल्यासारखं म्हटलं. मला वाटलं होतं, आई आता हुज्जत घालणार, वरच्या साहेबांना बोलवा म्हणणार. तर ती म्हणाली, "नियम म्हणजे नियम. टाका सामानात." भाजीवाल्याशी पाव किलो टोमॅटोवरून भांडणारी माझी आई, आणि नियम म्हणजे नियम! तिथंच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. पण मी खिडकीमागं मायक्रोफोनशी बसून स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

विमान उडालं. मी फोन उचलला. "सोडलं," मी म्हणाले. "डबा पोटात आहे. कापड शिवलंय, उघडू नका."

"काकूंनी चहाचं मोठं पातेलं चढवलंय," पलीकडचा म्हणाला. "वाफेवर धरतील. आई रागीट आहेत का खूप?"

"खूप," मी म्हणाले. त्याची तयारी असलेली बरी.

फोन ठेवला आणि तो लगेच पुन्हा वाजला. बहीण होती.

"आईनं आज काय वेड्यासारखं केलंय?" ती म्हणाली. "सकाळी सकाळी माझ्याकडे बटाट्याचा रस्सा पाठवलाय, पातेलंभर. ह्यांची जीभ भाजली पण."

"पातेलंभर? मग डब्यात काय नेलं तिनं?"

"मला काय माहीत. आणि हे बघ, परवा तुमच्या फ्रीजरमध्ये आम्ही आइस्क्रीमचा मोठा डबा ठेवला होता ना, आमचा फ्रीज बिघडलाय म्हणून? आत्ता भाजलेल्या जिभेसाठी हे आणायला गेले तुमच्याकडे, तर रिकामा. चाटून पुसून रिकामा. हे रुसून बसलेत."

मी बहिणीचा फोन तसाच तोडला. आत्तापर्यंत मी ज्याला त्याला सांगत आले होते, की अंतर जास्त नाही, बावीसच मिनिटं, डोळा लागेपर्यंत पोचतं. आता मी देवाला विनवत होते, की निदान आज तरी त्या बावीस मिनिटांची पंचावन्न व्हावीत. मी पलीकडे फोन लावला. पलीकडचा धावपट्टीवर गेलेला. कँटीनचा नंबर लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. काकूंचं सगळं लक्ष पातेल्याकडे असणार. त्यातून पाठीमागचा वारा होता, म्हणजे विमान आणखी लवकर जाणार. एरवी बावीस मिनिटं पुरी घेणारं ते विमान त्या दिवशी त्याच्याही आधी टेकलं.

फोन वाजला. "उतरलं," पलीकडचा म्हणाला. "डबा काकूंकडे गेला."

"काढ तो! डब्यात आइस्क्रीम आहे!"

तिकडून कुठल्यातरी ट्रॉलीची खडखड ऐकू आली. मग "अरे देवा" एवढं म्हणून त्यानं फोन टाकला.

पुढचं मला बाबांनी सांगितलं. बाबा मीठमसाला लावल्याशिवाय काही सांगत नाहीत, म्हणून तो काढून मी सांगते.

पलीकडचा कँटीनमध्ये पोचला तेव्हा डबा पट्ट्यावर गेलेला होता. आणि तो नुसता काकूंनी गरम केलेला नव्हता. तिथल्या सगळ्यांना पलीकडच्याचं लग्न व्हायला हवं होतं, आणि जो तो आपापल्या परीनं हातभार लावत होता. पैलवानानं डबा कँटीनला नेण्याआधी ट्रॅक्टरच्या तापलेल्या बॉनेटवर ठेवून घेतला होता. काकूंनी तो वाफेवर असा धरला, की त्या म्हणाल्या, कापडातून धूर यायचाच बाकी होता. आणि पट्टा चालवणाऱ्यानं, आपलंही काही योगदान असावं म्हणून, तो हीटरजवळ टेकवून मग सोडला. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

रिकाम्या पट्ट्यावरून तो एकटा डबा वाफा सोडत आईसमोर आला. आईनं पदर दुमडून तो उचलला आणि तरी तिला चटका बसला. ती बाकावर बसली, पर्समधून छोटी कात्री काढली आणि शांतपणे एकेक टाका कापायला लागली. बाबा शीळ घालायला लागले. "शीळ बंद," आई म्हणाली. झाकण उघडलं. एकेक कप्पा उतरवला, तर तीनही कप्प्यांत गुलाबी दूध खदखदत होतं.

तेवढ्यात पलीकडचा धापा टाकत समोर येऊन उभा राहिला. आईनं वर पाहिलं.

"टेलिफोनवाला?"

"हो."

"काल रात्रभर गोठवलेलं आइस्क्रीम मी सामानात टाकलं. ते उकळून कसं आलं?"

पैलवान खांबामागं उभा होता, काकू कँटीनच्या दारात. बाबांनी मान खाली घातली. इतक्या लोकांनी मिळून केलेला उद्योग, कुणाचंही नाव सांगता आलं असतं. माझंही.

"मी गरम केलं," पलीकडचा म्हणाला.

"का?"

"तुम्हाला डबा गरम हवा होता. तो गार निघाला असता तर तुम्ही आल्या पावली परत गेला असतात. मला ते नको होतं."

आईनं कात्री पर्समध्ये टाकली. "न वितळता पोचलं असतं तर मी म्हटलं असतं, अंतर थोडं आहे," ती म्हणाली. "वितळून पोचलं असतं तर म्हटलं असतं, लांब आहे. तुम्ही लोकांनी मला काहीच कळू दिलं नाही." मग तिनं झाकण लावलं. "राहतोस कुठं ते तरी दाखव. संध्याकाळपर्यंत मी इथं काय पट्टा बघत बसू?"

त्याची खोली विमानतळाच्या मागच्याच बाजूला आहे. एक पलंग, दोन खुर्च्या, खिडकीत टेलिफोन. आईनं सगळ्या भांड्यांची झाकणं उघडून पाहिली, चादरीची कड उलटून पाहिली, मोरीत वाकून पाहिलं. त्यानं भात आणि बटाट्याची कोरडी भाजी केली. आईच्या या तपासणीकडे बघता बघता त्याची भाजी तळाला लागली. बाबा म्हणाले, मीठही जास्त होतं, पण ते जरा बाजूला ठेवू. वाढताना त्यानं वरची चांगली भाजी आई-बाबांच्या ताटात घातली आणि तळाचं काळं खरवडून गुपचूप स्वतःच्या ताटात घेतलं, आणि त्यावर भात पसरला. त्याला वाटलं, कुणी पाहिलं नाही. आईनं पाहिलं. तिनं भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली.

निघताना आईनं घासलेला डबा त्याच्यासमोर ठेवला. "भर," ती म्हणाली. "तिच्यासाठी. बघू तुझा तरी गरम पोचतो का."

इकडे माझी अवस्था विचारू नका. दुपारपासून पलीकडचा फोन उचलत नव्हता, कारण तो आईपुढं बसलेला होता. मी दोन सूचना चुकीच्या दिल्या आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला. "सोडलं," तो म्हणाला. परतीच्या वेळी आमच्या शब्दांची अदलाबदल होते.

"काय म्हणाली?"

"काहीच नाही. डबा दिलाय."

आणि मग विमान येईना. धावपट्टीवर आडवा वारा सुटला. विमान आमच्या डोक्यावर आलं, घिरट्या घालून परत फिरलं, पलीकडे जाऊन उतरलं. वारा पडण्याची वाट पाहत तिथंच थांबलं आणि पुन्हा निघालं. मी दर थोड्या वेळानं मायक्रोफोनमध्ये सांगत होते, की विमानाला विलंब होत आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती सूचना कुणीतरी मन लावून ऐकत होतं. मीच. पंचावन्न मिनिटांचं वेळापत्रक कधीच फाटलं होतं. बसनं निघाली असती तर आई एव्हाना तळ्यापर्यंत पोचली असती, आणि ते तिनं मला आयुष्यभर ऐकवलं असतं.

शेवटी विमान टेकलं. आई दारातून आत आली ती शालीखाली काहीतरी छातीशी कवटाळून. सुकी भाजी असल्यामुळे तिकडे कुणी अडवलं नव्हतं. पूर्ण वेळ तिनं डबा मांडीवर धरला होता, बाबांनाही हात लावू दिला नव्हता. बाबा तिच्या मागं होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, काही अंदाज येतोय का म्हणून. ते छताकडे बघत होते.

"बस," आईनं मला सांगितलं. आम्ही सामानाच्या पट्ट्याजवळच्या बाकावर बसलो. तिनं डबा माझ्या हातात दिला.

डबा गार होता. गार म्हणजे रात्रभर फरशीवर राहिल्यासारखा. आता संपलं, मला वाटलं. मी झाकण उघडलं. बटाट्याच्या फोडींवर तेलाचा पांढुरका थर धरला होता. कडेला एक काळी फोड राहून गेली होती, त्याच्या नजरेतून सुटलेली.

आई माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे लाल होते. वाऱ्यानं असतील, विमानाच्या हिंदकळण्यानं असतील.

"गरम आहे ना?" तिनं विचारलं.

मला आधी वाटलं, ती टोमणा मारतेय.

"मांडीवर धरून आणलाय," ती म्हणाली. "मला तर चांगला गरम लागला. खाऊन बघ."

बाबांनी शीळ घालायला सुरुवात केली. या वेळी आईनं त्यांना थांबवलं नाही.

मी एक फोड तोंडात घातली. ती गार होती, खारट होती, दातांत तेल चिकटत होतं. मावशीनं फोनवर जे सांगितलं होतं ते मला आठवलं, आणि आईलाही तेच आठवत असणार, कारण तिनं माझा हात घट्ट धरला होता.

"आई," मी म्हणाले, "चटका बसला गं."

"मग सावकाश खा," आई म्हणाली. "फुंकर मारून."

मी दुसरी फोड उचलली आणि फुंकर मारली.